अमेरिकेतल्या विद्यापीठाचा पोलीस चीफ

परवा सकाळी सातच्या सुमारास ताईचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, गेल्या ऑगस्टपासून अमेरिकेत एम.एस. करते आहे. विद्यापीठाकडून तिच्या मोबाइलवर एक मेसेज आला होता आणि तिने तो जसाच्या तसा घरच्या ग्रुपवर टाकला होता. कॅम्पसलगतच्या रस्त्यावर एकाला धमकावून फोन हिसकावला, चोर पळून गेला, त्या बाजूला तूर्त जाऊ नका, काही दिसलं असेल तर विद्यापीठ पोलिसांना कळवा, असा मजकूर.

ताईचा पहिला प्रश्न, "अरे, विद्यापीठाचे पोलीस म्हणजे काय? गेटवरचे वॉचमन का?" आणि लगेच दुसरा, "आणि असं सगळ्यांना सांगतात? आपल्याकडे तर झाकायला बघतात."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी फोनवर दिलं. दुसऱ्याचं द्यायला वेळ लागतो, म्हणून हा लेख. त्या खात्याच्या प्रमुखाची, म्हणजे चीफची नोकरी कशी चालते हे समजलं, की दोन्ही प्रश्न सुटतात. माझ्या मते या माणसाचं खरं काम चोर पकडण्यापेक्षा सांगण्याचं आहे. खाली विद्यार्थ्यांना सांगायचं आणि वर साहेबांनाही सांगायचं. तिथल्या चीफची नोकरी टिकते किंवा जाते, ती बहुतेक वेळा याच गोष्टीवर.

आधी वॉचमनचा गैरसमज दूर करू. आपल्या विद्यापीठांत सुरक्षा अधिकारी असतो. बऱ्याचदा तो सैन्यातून निवृत्त झालेला असतो आणि त्याच्या हाताखाली एजन्सीचे गार्ड असतात. आवारात मारामारी झाली तर ते सोडवतात, ओळखपत्र बघतात आणि प्रकरण वाढलं तर जवळच्या पोलीस ठाण्याला फोन लावतात. गुन्हा दाखल करायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठात हे ठाणंच विद्यापीठाचं असतं. राज्याच्या कायद्याने अधिकार दिलेले, राज्याच्या पोलीस अकादमीत शिकून शपथ घेतलेले, कमरेला पिस्तूल असलेले हे पोलीस अटक करतात, गुन्ह्याचा तपास करतात, कोर्टात साक्षीला उभे राहतात. फक्त त्यांचा पगार विद्यापीठ देतं. अमेरिकी न्याय खात्याच्या २०११-१२ च्या पाहणीत अडीच हजारांहून जास्त विद्यार्थी असलेली चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची विद्यापीठं आणि कॉलेजं तपासली, तेव्हा सरकारी संस्थांपैकी ९२ टक्के ठिकाणी असे शपथ घेतलेले पोलीस होते. खासगी संस्थांत हे प्रमाण ३८ टक्के होतं.

याची सुरुवात कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात झाली. तिथे येल विद्यापीठ आहे. एकोणिसाव्या शतकात येलचे विद्यार्थी आणि गावकरी यांचं अजिबात पटत नसे. १८२४ साली जवळच्या वेस्ट हेवनमधल्या एका तरुण मुलीचं पुरलेलं प्रेत कबरीतून नाहीसं झालं आणि येलच्या वैद्यकीय कॉलेजात सापडलं. त्या काळी शरीररचना शिकायला प्रेतं मिळत नसत, म्हणून ती चोरली जात. गाव खवळून कॉलेजवर चालून आलं. पुढेही विद्यार्थी आणि गावकरी यांच्यात हाणामाऱ्या होत राहिल्या. शहरातले पोलीस म्हणजे गावचेच लोक, त्यामुळे विद्यार्थी त्यांना शत्रू समजत. अखेर १८९४ मध्ये शहर पोलिसांतली दोन माणसं येलसाठी वेगळी दिली गेली, विल्यम वायझर आणि जेम्स डॉनली. येलचं पोलीस खातं आपला जन्म तिथून मोजतं, आणि वायझर त्याचे पहिले चीफ. विद्यार्थ्यांना दरडावण्याऐवजी त्यांची मालमत्ता सांभाळणं, त्यांच्यात मिसळणं, हे या दोघांचं काम होतं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण या नोकरीचा पाया विश्वासावर घातला गेला. शहराच्या पोलिसाला गावकऱ्याने मानलं नाही तरी त्याचं ठाणं चालतं. विद्यार्थी ज्याच्याकडे येत नाहीत, अशा कॅम्पस पोलिसाला मात्र आवारात काय चाललंय ते कळतच नाही.

त्यानंतर कित्येक दशकं बहुतेक कॉलेजांत रखवालदारच होते. दारं बंद करायची, दिवे मालवायचे, गाड्यांच्या पार्किंगकडे बघायचं. १९६० च्या दशकाच्या शेवटी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हा हे रखवालदार पुरे पडेनात, म्हणून बाहेरून फौजा आल्या. ४ मे १९७० रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव फौजेच्या सैनिकांनी गोळीबार केला आणि चार विद्यार्थी मारले गेले. आवारात बाहेरची बंदूक येण्यापेक्षा विद्यार्थ्यांना ओळखणारे आपलेच पोलीस असलेले बरे, हा विचार त्या काळात जोर धरू लागला आणि एकेका राज्याने विद्यापीठांना पोलीस खातं काढायचा अधिकार दिला.

आता चीफ होतो कोण? वाटा ढोबळमानाने दोन. एक म्हणजे त्याच विद्यापीठात शिपाई म्हणून लागायचं आणि सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, डेप्युटी चीफ असं पायरी-पायरीने वर जायचं. दुसरी म्हणजे शहराच्या किंवा राज्याच्या पोलीस दलात उमेदीची वर्षं काढून, तिथली पेन्शन पदरात पाडून मग विद्यापीठात यायचं. मधल्या काळात पदवी, बऱ्याचदा मास्टर्स, आणि ज्यांना संधी मिळते ते एफबीआयच्या नॅशनल अकादमीत सुमारे दहा आठवडे शिकून येतात.

दुसऱ्या वाटेचं चांगलं उदाहरण म्हणजे जॉन डिफावा. ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुख होते. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कच्या टॉवर्सवर आदळलेली दोन्ही विमानं बॉस्टनच्या लोगान विमानतळावरून उडाली होती. त्यानंतर त्या विमानतळाच्या सुरक्षेची सूत्रं काही काळ डिफावांकडे दिली गेली. एवढं सगळं केल्यावर ते बॉस्टनजवळच्या एमआयटी या विद्यापीठाचे पोलीस चीफ झाले आणि वीसेक वर्षं तिथेच राहिले. राज्यभराचं दल सांभाळलेला माणूस काही चौरस फर्लांगांच्या आवारात का जातो, असं कुणालाही वाटेल. पण शहरात पोलीस रोज नव्या माणसांना भेटतो आणि बहुधा त्यांच्या वाईट दिवशी भेटतो. कॅम्पसवर तीच मुलं चार वर्षं डोळ्यांसमोर असतात. नाव माहीत असतं, वसतिगृहाची खोली माहीत असते.

निवडीची पद्धतही पोलिसी कमी आणि कॉलेजी जास्त. विद्यापीठ एक शोधसमिती नेमतं. तिच्यात प्राध्यापक असतात, कर्मचारी असतात, बहुतेक ठिकाणी विद्यार्थीही असतात. शेवटच्या फेरीतल्या उमेदवारांना बऱ्याच ठिकाणी उघड सभेत उभं करतात. एखादी एकोणीस वर्षांची मुलगी उठते आणि पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या अधिकाऱ्याला विचारते, "माझ्यावर बलात्कार झाला आणि मला गुन्हा नोंदवायचा नाही, पण मदत हवी आहे, तर तुमचं खातं काय करेल?" तिथे आवाज चढवून चालत नाही आणि उत्तर टाळूनही चालत नाही.

रोजचं काम म्हणाल तर सायकलचोऱ्या, लॅपटॉपचोऱ्या, दारू पिऊन बेशुद्ध पडलेली मुलं, रात्री एकटीने लायब्ररीतून परतायला घाबरणाऱ्या मुलीला सोबत. बऱ्याच राज्यांत असा नियम आहे की दारू प्यायलेल्या मित्रासाठी कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली, तर अल्पवयात दारू प्यायल्याबद्दल फोन करणाऱ्यावर कारवाई होत नाही. जीव वाचणं आधी. मानसिक ताणाने खचलेल्या विद्यार्थ्याच्या दारावर रात्री दोन वाजता थाप मारून "बरा आहेस ना?" हे विचारायलाही पोलीसच जातात. आणि शनिवारी फुटबॉलचा सामना असला की मिशिगन विद्यापीठासारख्या ठिकाणी एका स्टेडियममध्ये १ लाखाहून जास्त माणसं. त्या बंदोबस्ताची आखणीही विद्यापीठाच्या पोलिसांना करावी लागते.

आता ताईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. विद्यापीठ गुन्ह्याची बातमी लगेच का सांगतं? कारण न सांगितल्यामुळे एक मुलगी गेली.

एप्रिल १९८६. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी ही १९ वर्षांची विद्यार्थिनी आपल्या खोलीत झोपली होती. इमारतीची दारं आपोआप कुलूपबंद होणारी, पण येण्याजाण्याच्या सोयीसाठी मुलांनी ती अडकवून उघडी ठेवलेली. त्याच विद्यापीठातला एक विद्यार्थी आत शिरला आणि त्याने बलात्कार करून तिचा खून केला. नंतर तिच्या आईवडिलांना, कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांना, कळलं की आधीच्या तीन वर्षांत त्या आवारात ३८ हिंसक गुन्हे घडले होते आणि प्रवेश घेताना कुणी त्याचा उल्लेखही केला नव्हता. त्यांनी विद्यापीठावर दावा लावला आणि नंतर देशभर फिरून कायद्यासाठी पाठपुरावा केला. १९९० मध्ये तो कायदा झाला. पुढे त्याला मुलीचंच नाव मिळालं, क्लेरी कायदा.

हा कायदा सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजाला लागू आहे, आणि अमेरिकेत जवळजवळ सगळीच कॉलेजं ती मदत घेतात. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करायचे. पोलीस खातं असेल तर रोजची गुन्हेनोंद ठेवायची आणि ती कुणालाही बघू द्यायची. ती बघायला तुम्ही विद्यार्थी असण्याची गरज नाही, कारणही सांगावं लागत नाही. आणि धोका अजून टळलेला नसेल तर सगळ्यांना वेळेत सावध करायचं. भाचीला आलेला मेसेज हा त्या शेवटच्या कलमाचा. मी ताईला त्याच दिवशी त्या विद्यापीठाचा वार्षिक सुरक्षा अहवाल शोधून दिला. साताऱ्यात बसून आपल्याला तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. ज्यांची मुलं पुढच्या वर्षी जाणार आहेत, त्यांनी रँकिंग बघता बघता हाही बघावा. फक्त एक लक्षात ठेवा. लैंगिक अत्याचाराचे आकडे जास्त दिसले म्हणजे ती जागा वाईटच असं नाही. मुली तिथे निर्भयपणे येऊन सांगतात, असाही त्याचा अर्थ असू शकतो. शून्य दिसला तर मला जास्त काळजी वाटते.

कायदा मोडला तर दंड जबर आहे. लॅरी नासर या डॉक्टरने खेळाडू मुलींवर केलेल्या अत्याचारांच्या प्रकरणानंतर मिशिगन स्टेट विद्यापीठाला २०१९ मध्ये ४५ लाख डॉलर भरावे लागले. २०२४ मध्ये लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलर दंड झाला. आकडे गोळा करायचे, कोणता गुन्हा कोणत्या रकान्यात टाकायचा, हे ठरवण्यात चीफची मोठी जबाबदारी असते. आणि विद्यापीठाला तर प्रवेश हवे असतात, देणग्या हव्या असतात. पगार देणाऱ्या संस्थेला न आवडणारे आकडे दरवर्षी स्वतःच्या हाताने छापायचे, अशी ही जागा आहे.

सांगायला उशीर झाला तर काय होतं, ते १६ एप्रिल २००७ ला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात दिसलं. तिथले चीफ वेंडेल फ्लिंचम त्याच खात्यात बरीच वर्षं काढून वर आलेले, म्हणजे पहिल्या वाटेने. सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोन विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलीस पोहोचले. प्रकरण गोळी लागलेल्या मुलीच्या ओळखीच्या माणसाशी संबंधित दिसतंय, असा सुरुवातीचा अंदाज झाला आणि तिच्या मित्राचा शोध सुरू झाला. तो अंदाज चुकीचा होता. खरा मारेकरी तोवर आपल्या खोलीवर जाऊन, कपडे बदलून, टपाल कचेरीत एक पार्सल टाकून पुढच्या तयारीला लागला होता. विद्यापीठाचे वरिष्ठ अधिकारी बैठकीला बसले. सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर पंधरा मिनिटांच्या आत नॉरिस हॉल या वर्गांच्या इमारतीत, दारांना आतून साखळ्या लावून, त्याने गोळीबार सुरू केला. त्या दिवशी एकूण ३२ जण मारले गेले. त्यांत मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती.

राज्यपालांनी नेमलेल्या समितीच्या अहवालातली एक बाब मला सगळ्यात जास्त टोचली. धोक्याचा संदेश स्वतःहून पाठवण्याची सोयच पोलिसांकडे नव्हती. निर्णय अधिकाऱ्यांच्या धोरण गटाचा, आणि त्या गटात पोलिसांना जागा नव्हती. गुन्ह्याच्या जागी उभा असलेला माणूस गप्प आणि बैठकीतली माणसं मजकूर ठरवताहेत, असे ते दोन तास गेले. त्याच अहवालाने हेही नोंदवलं आहे की नॉरिस हॉलकडे पोलीस काही मिनिटांत पोहोचले होते. म्हणजे धावण्यात ते कमी पडले नव्हते. २००८ मध्ये कायद्यात भर पडली. तातडीचा धोका आहे याची खात्री पटताच, वेळ न दवडता सगळ्यांना कळवायचं. आज बऱ्याच ठिकाणी ड्यूटीवरच्या पोलीस अधिकाऱ्यालाच ते बटण दाबता येतं, कुणाची परवानगी न घेता.

हे झालं खाली सांगणं. वर सांगणं त्याहून अवघड. चीफ कायद्याने पोलीस असतो आणि नोकरीने विद्यापीठाच्या उपाध्यक्षाचा किंवा तत्सम अधिकाऱ्याचा हाताखालचा माणूस. २०११ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात फीवाढ आणि विषमतेविरुद्ध विद्यार्थ्यांनी आवारात तंबू ठोकले. तिथल्या चान्सेलर लिंडा कटेही. (आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तिथला चान्सेलर म्हणजे रोजचा कारभार बघणारा, आपल्या कुलगुरूसारखा.) त्यांनी तंबू हटवायला शुक्रवारी दुपारची वेळ ठरवली. दुपारी आवार माणसांनी भरलेलं असतं, गर्दी जमणार हे पोलिसांतल्या अनुभवी लोकांना दिसत होतं, पण तो आक्षेप वर ठामपणे पोहोचलाच नाही. १८ नोव्हेंबरला खाली हातात हात अडकवून बसलेल्या मुलांच्या तोंडावर एका लेफ्टनंटने मिरीचा फवारा मारला. शेतात औषध मारावं तसं ओळीने चालत, निवांत. ते चित्र जगभर गेलं. चौकशी समितीने हा प्रकार टाळता आला असता आणि टाळायलाच हवा होता असं म्हटलं, आणि दोष वरपासून खालपर्यंत सगळ्यांना दिला. चीफ ॲनेट स्पिक्युझा यांना आधी रजेवर पाठवलं होतं. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी पद सोडलं. चान्सेलर मात्र त्या वेळी पदावर राहिल्या. "साहेब, आत्ता नको" हे योग्य वेळी, योग्य माणसाला, ऐकू जाईल असं म्हणता येणं हा या नोकरीचा भाग आहे, आणि अकादमीत तो शिकवत नाहीत.

तिसरी अडचण हद्दीची. आपल्याकडे "ही आमची हद्द नाही" हे वाक्य प्रत्येकाने ठाण्यात ऐकलेलं असतं. तिथे उलटंही होतं. शहराशी करार करून विद्यापीठाचे पोलीस आवाराबाहेरच्या वस्त्यांत गस्त घालतात. शिकागो विद्यापीठाचे पोलीस तर अशा भागात फिरतात जिथे राहणाऱ्यांपैकी बहुतेकांचा विद्यापीठाशी काही संबंध नाही. जुलै २०१५ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठाच्या पोलिसाने आवाराबाहेर एक गाडी अडवली, कारण पुढची नंबरप्लेट नव्हती. काही मिनिटांत गाडीतला ४३ वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस, सॅम्युअल ड्यूबोस, डोक्यात गोळी लागून मेला. गाडीने मला फरपटत नेलं, असं पोलिसाने सांगितलं. त्याच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यात तसं दिसलं नाही. विद्यापीठाने कुटुंबाला ४८ लाख ५० हजार डॉलर आणि १२ मुलांचं मोफत शिक्षण देऊ केलं. त्या पोलिसावरचा खटला दोनदा ज्युरीचं एकमत न झाल्याने निकालाविना संपला. विद्यापीठाच्या चीफनेही २०१६ मध्ये राजीनामा दिला. ज्या वस्तीने विद्यापीठाचे पोलीस निवडले नाहीत, ज्यांची मुलं तिथे शिकत नाहीत, त्यांनी तक्रार कुणाकडे करायची, हा प्रश्न तिथे अजून धगधगतो आहे, आणि मला तो रास्त वाटतो. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला २०१९ मध्ये स्वतःचं पोलीस खातं काढायची कायद्याने परवानगी मिळाली, तेव्हा विद्यार्थी आणि शेजारी महिनाभर ठाण मांडून बसले होते ते यासाठीच.

एवढं वाचून वाटेल की ही नोकरी म्हणजे नुसती कसोटी. म्हणून पुन्हा एमआयटीकडे येतो.

१८ एप्रिल २०१३, गुरुवार. तीन दिवसांपूर्वी बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झालेले. सगळं शहर ताणाखाली. डिफावा रात्री साडेनऊच्या सुमारास कॅम्पसवरून जात असताना त्यांना खात्याची एक गाडी उभी दिसली. आत शॉन कॉलियर, खात्यातला एक तरुण पोलीस. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी लागलेला, मुलांसोबत डोंगर चढायला जाणारा, एमआयटीच्या गिर्यारोहण क्लबात रमलेला. लवकरच तो शेजारच्या सॉमरव्हिल शहराच्या पोलिसांत जाणार होता. चीफनी गाडी थांबवली, काय चाललंय विचारलं. कॉलियरने नेहमीसारखं हसून सांगितलं की सगळे नीट वागताहेत ना ते बघतोय. दोन-चार मिनिटं बोलणं झालं आणि चीफ पुढे गेले.

तासाभराने मॅरेथॉनचे हल्लेखोर भाऊ त्याच जागी आले आणि गाडीत बसलेल्या कॉलियरला त्यांनी गोळ्या घातल्या. मार्च २०१५ मध्ये त्या खटल्यात डिफावा साक्षीला उभे राहिले. त्यांच्या मागे राज्याच्या पोलीसप्रमुखपदाचा अनुभव होता, पण कोर्टात त्यांना सांगायचं होतं ते त्या गाडीच्या काचेपाशी झालेलं दोन-चार मिनिटांचं बोलणं. एमआयटीने त्या जागेजवळ ग्रॅनाइटचे ३२ दगड एकमेकांवर टेकवून एक कमान उभी केली आहे. मुलं रोज तिच्याखालून वर्गाला जातात.